उपासाचा ताप

बुधवार, १८ फेब्रुवारी. राखेचा बुधवार

रात्रभर झोपली नाही. माझ्या पोरीचा, नेरिसाचा श्वास ऐकत बसलेली. ती झोपेत एकदा खोकली. एकदाच. मग उजाडेपर्यंत तिच्या छातीवर हात ठेवून होती, परत खोकते का बघायला. नाही खोकली. दुधाचा ठसका असेल. पण मी टीबीवाल्या बाईच्या घरी जाते ना, त्यामुळे मला ठसका साधा वाटतच नाही.

माझा नवरा लॅन्सी जहाजावर परत जाताना बोललेला, "रोज थोडं लिहून ठेव. फोनवर तू काही नीट सांगत नाहीस, बरं आहे बरं आहे करतेस. मी आल्यावर वाचेन." तिथे किचनमध्ये त्याला दिवसभर वेळ नसतो आणि फोन लागला तर लागतो. सातवी शिकलेली बाई काय लिहिणार? पण आजपासून उपासकाळ चालू झाला, म्हटलं हेपण करूया.

सकाळच्या मिस्साला गेली. फादरनी कपाळाला राख लावली. मी देवाला बोलली, ईस्टरपर्यंत एक वेळ जेवेन, मासे मटण नाही. त्या टीबीवाल्या आवडाबाईच्या गोळ्या ईस्टरला संपतात, त्या नीट संपू दे. आणि माझ्या नेरूला काही होऊ देऊ नको. कॉन्व्हेंटची सिस्टर लुर्दस बोलली, "अगं, अंगावर पाजणाऱ्या बाईला उपास लागत नाही." मी हो बोलली. पण उपास धरलाय.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

लॅन्सी, तुला आवडाबाईचं कधी नीट सांगितलं नाही. रागावशील म्हणून.

मागच्या पावसाळ्यात एकदा मिस्सा संपल्यावर मी चर्चमध्ये बसून होती. नेरू मांडीवर झोपलेली, आजूबाजूला कोणी नाही. मला हाक ऐकू आली, जोविटा. आणि मग, जा. एवढंच. कुठे जा, ते नाही सांगितलं. मी घाबरून बाहेर आली तर गेटजवळ सिस्टर कोणाला तरी सांगत होती, खाडीकडे एक म्हातारी आहे, गोळ्या टाकून देते, तिच्याकडे जायला कोणी तयार नाही. मला वाटलं हेच ते.

कधी कधी वाटतं तो पंख्याचा आवाज असेल. तो पंखा तसाच करकर करतो. मग वाटतं, पंख्याला माझं नाव कसं माहीत.

आवडाबाई कोळीण आहे. पश्चिमेला खाडीच्या अंगाला एका खोलीत एकटी. मुलगा सून रोगाला घाबरून निघून गेले. गोळ्या अर्धवट सोडून सोडून तिचा टीबी बिघडला, आता मोठा कोर्स आहे. मी पेज घेऊन जाते, गोळ्या देते, गिळेपर्यंत समोर बसते. मग जीभ वर करायला सांगते, कारण ती गोळी जिभेखाली लपवते. नेरूला तेवढा वेळ शेजारच्या भावनाताईकडे ठेवते. घरी आली की आधी अंघोळ, मग नेरूला हात.

आज बोलली, "काय गो, मावरं आणला नाय?"

"आमचा उपास चालू आहे आजी. मासे नाही."

"तुजा येशू कोल्यांच्या होडीत बसायचा ना? तूच सांगलास मना. मग तवा काय भेंडी खायाचा?"

मी हसली. हसताना खोकला आला तो थांबेचना. ती बघत बसली.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

कंपन्यांचा वास आज फार होता. खिडक्या लावून घेतल्या तरी घरात येतो. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच खोकतात. भावनाताई बोलली, "एमआयडीसीत राहायचं तर छाती लोखंडाची पाहिजे."

संध्याकाळी अंगात कणकण येते. उपासामुळे. दोन जिने चढताना मध्ये बसावं लागलं.

रविवार, १ मार्च

वर्तकनगरला युजीनकडे गेली. माझा मोठा भाऊ. त्याच्या धाकट्याचा वाढदिवस होता. केक खायचा नव्हता, पण नेरूला मुलांमध्ये बरं वाटेल म्हणून गेली.

वहिनीनेच सांगून टाकलं असेल मी कुठे जाते ते. तिला चर्चमधल्या कोणीतरी सांगितलेलं. युजीन दारातच उभा राहिला.

"खरं आहे का?"

"काय?"

"टीबीवाल्यांच्या घरात जातेस?"

"एकाच घरात."

"आणि तिथून येऊन माझ्या पोरांचे पापे घेतेस?"

"मी अंघोळ करते, युजीन."

"अंघोळ!" तो एवढ्या जोरात ओरडला की आतली मुलं गप्प झाली. "आईला विसरलीस? तू लहान होतीस, तुला काय आठवणार. मी उचलत होतो तिला. शेवटी शेवटी ती चादरीसारखी हलकी झालेली."

मी बोलली, "मला देवाने बोलावलं आहे."

"देवाला बोल, वर्तकनगरला माझा एक भाऊ आहे, त्याच्यासाठी मला सोड." मग खालच्या आवाजात बोलला, "तू आता खोकतेयस ना, तसंच आई खोकायची."

किती कठोर बोलावं माणसाने. आईचं नाव घेऊन. मी बोलली, कंपनीच्या वासाने होतं. तो बोलला, ते काम सोडशील तेव्हा फोन कर, तोपर्यंत करू नको. नेरूच्या हातात त्याने फुगा दिला, तिला हात न लावता, नुसता दोरा पकडायला दिला.

घरी येऊन फोन लावला, पोचली सांगायला. लागला नाही. ब्लॉक केलंय.

शुक्रवार, ६ मार्च

आवडाबाई आज गोळ्या घेईना. भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

"आजी, उठा. पेज गार होते."

"तोंड बांधून येतेस, चोरासारी. मना माणसाचा तोंड बघून किती म्हयने झाले ठाव हाय? सगली येतान ती तोंड बांधून. दामाजी पन दाराशीच उभा रवतो. मी मेली तर यमाचा तेवरा तोंड बघीन."

दामाजीकाका म्हणजे तिचा शेजारी. होडी विकली, आता जाळी दुरुस्त करतो.

मी मास्क काढला. सिस्टरने हजार वेळा सांगितलंय काढायचा नाही. पण ती वळली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्या गोळ्या गिळल्या. जीभपण स्वतःहून दाखवली. मग बोलली, "बारीक झालीस गो. गालाची हाडं वर आली."

"उपास आहे ना."

"हां," ती बोलली. तिने पेज अर्धी ठेवली आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मी नाही घेतली.

आता रोज तिच्याकडे गेली की मास्क काढणार. देवाने पाठवलं तर देव बघेल.

बुधवार, ११ मार्च

सिस्टर विचारत होती छातीचा फोटो काढलास का. दर काही महिन्यांनी काढायचा असतो आम्ही जाणाऱ्यांनी. मी बोलली जाते, जाते. मागच्या वेळीपण तसंच बोललेली. मला वाटतं फोटो काढायला गेली तर देवाला सांगितल्यासारखं होईल की तुझ्यावर भरवसा नाही. हे सिस्टरला नाही सांगितलं. ती शिकलेली आहे, तिला हसू येईल.

रात्री घामाने गाऊन ओला होतो. उन्हाळा लवकर आला यंदा.

सोमवार, १६ मार्च

नेरूला ताप. परवापासून. तिला घेऊन दवाखान्यात बसली तेव्हा एकच बोलत होती, मला दे, तिला नको, मला दे.

डॉक्टरीण बाई तरुण आहे. तिने विचारलं, "घरात कोणाला जुना खोकला?"

"नाही. पण मी एका टीबीच्या बाईला गोळ्या द्यायला जाते. अंघोळ करून मगच हिला घेते." सांगून टाकलं. बाळासाठी खोटं नाही बोलवलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि तुमचा खोकला?"

"तो वासाचा आहे. कंपनीचा."

"वजन कमी झालंय का?"

"उपास चालू आहेत आमचे."

तिने दोघींच्या नावाने कागद दिले. छातीचा फोटो, आणि माझी थुंकी तपासायची. मी नेरूचा फोटो लगेच काढला. तिला दोन्ही हात वर करून धरलं तर ती अशी ओरडली, की बाहेरचे लोक आत डोकावले.

साफ आला. दाढ येते म्हणून ताप. मी तिथेच बाकावर बसून रडली. घरी येऊन तो कागद फ्रिजवर चिकटवला, येता जाता दिसावा म्हणून.

माझा नाही काढला. नेरू साफ आहे म्हणजे मीपण साफच असणार. माझ्यातूनच तर तिला गेलं असतं.

शुक्रवार, २० मार्च

सोडलं.

सिस्टरला जाऊन सांगितलं, माझ्याने होत नाही. नेरूचा ताप बघितला आणि हिंमत गेली. ती बोलली, "काही हरकत नाही जोविटा, तू आराम कर, तू किती थकलीस बघ." मला वाटलेलं ती अडवेल. नाही अडवलं. आवडाबाईकडे कोण जाईल विचारलं तर बोलली, बघते.

घरी आली आणि भांडी न घासता झोपली. नेरू पोटावर बसून केस ओढत होती तरी उठवेना. मला हाक आली होती की नाही, देवा? आली असेल तर मी आता कोण झाली? आणि नसेल आली तर मी एवढे दिवस काय करत होती?

पंखा चालू होता.

मंगळवार, २४ मार्च

दामाजीकाकांचा फोन. "पोरी, तुजी म्हातारी गोल्या खाडीत टाकते. मी डोल्यांनी बघितला. बोलते, ती आल्याबिगर खानार नाय."

"दुसरं कोणी आलं नाही का?"

"एक मानूस आला, दारातून पिशवी दिली नि गेला."

मी नेरूला भावनाताईकडे दिलं आणि गेली. रिक्षातून उतरून तिच्या खोलीपर्यंत गल्ली आहे, ती संपेचना. मध्ये एका पायरीवर बसली. मला जायचं नव्हतं. खरं लिहिते. पाऊल पुढे टाकताना जराही वाटत नव्हतं की देव सोबत आहे. नुसते पाय दुखत होते.

आवडाबाई दारात बसलेली. बोलली, "आली. मना वाटला तू पन गेलीस."

"गेलेलीच होती."

"मग?"

"मग काय. जीभ वर करा."

भावनाताईला माहीत नाही मी कोणाकडे जाते. म्हाताऱ्या आजीकडे जाते एवढंच सांगितलंय. सांगितलं तर ती नेरूला घेणार नाही. तिलापण लहान पोरगा आहे. हे बरोबर नाही हे मला कळतं.

रविवार, २९ मार्च. झावळ्यांचा रविवार

हातात झावळी धरून उभी राहवेना, खांबाला टेकली. फादर प्रवचनात बोलले, आपल्या पॅरिशमध्ये एक तरुण आई आहे, तिच्या चेहऱ्याकडे बघा, उपास म्हणजे काय ते कळेल, ती मेणबत्तीसारखी झिजते आणि दुसऱ्याला उजेड देते. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. मला लाज वाटली आणि बरंपण वाटलं. बाहेर बायका माझा हात हातात घेत होत्या. एक बोलली, "किती तेज आलंय गं तुझ्या तोंडावर, डोळे बघ कसे चमकतात."

युजीनने हे ऐकायला पाहिजे होतं.

सिस्टरने सांगितलं, गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला, येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले तो विधी, बारा जणांत माझं नाव घातलंय. मी बोलली, मला नको, माझ्या टाचा फुटल्यात.

गुरुवार, २ एप्रिल. पवित्र गुरुवार

बारा जण खुर्च्यांवर बसलेले. सिस्टरने माझं ऐकलं नाही, मी शेवटून दुसरी. फादर गुडघ्यावर एकेकाच्या समोर येत होते, पाणी, टॉवेल, मग पायाचा मुका घ्यायचे. माझ्या समोर आले. मी टाच लपवत होती. त्यांनी पाय हातात घेतला आणि थांबले. पाणी घातलंच नाही. दुसऱ्या हाताने घोटा धरला, मग पोटरीजवळ.

हळू बोलले, "जोविटा, पाय तापलाय तुझा. तुला भरपूर ताप आहे."

"उपास आहे फादर."

"उपासाने ताप येत नाही, मुली. कधीपासून येतो?"

मी विचार करायला लागली. आणि मला आठवेना की ताप कधी नव्हता.

सगळं चर्च बघत होतं. गाणं म्हणणारेसुद्धा थांबले. फादरचे डोळे भरले. मला वाटतं त्यांना ते मेणबत्तीचं आठवलं असेल. त्यांनी पाय धुतला, पुसला, आणि कपाळ टेकवून तसेच राहिले, दुसऱ्यांपेक्षा जास्त. मला खोकला आला म्हणून मी तोंड पदरात घातलं.

मिस्सा चालू असतानाच सिस्टर मला बाहेर घेऊन गेली. तिने काही विचारलं नाही. फक्त बोलली, "फोटो काढला नाहीस ना?"

शुक्रवार, ३ एप्रिल. गुड फ्रायडे

सिस्टरने सकाळीच ओळखीच्या लॅबमध्ये फोटो काढून घेतला. डॉक्टरने फिल्म उजेडात धरली आणि मला बसायला सांगितलं. उजव्या फुफ्फुसात वरती भोक आहे. थुंकीचा रिपोर्ट उद्या, पण तो बोलला, मला उद्याची गरज नाही. उपास सोडा, आजच. बाळाची परत तपासणी, तिलापण औषध द्यावं लागेल.

नेरू साफ आहे म्हणजे मी साफ, असं मी धरून चाललेली. उलटं आहे सगळं. भावनाताईला सांगितलं. तिने पोराला उचललं आणि दार लावलं. मग थोड्या वेळाने दार उघडून नेरूचा दुधाचा डबा बाहेर ठेवला, भरलेला. त्या पोराचीपण तपासणी करायला लागेल. ते माझ्यामुळे.

सिस्टरला विचारलं, "मी आता कामाची राहिली का?" ती बोलली, "आधी जग." सिस्टरच्या तोंडून असं ऐकायची सवय नाही.

आवडाबाईला दामाजीकाकांच्या फोनवर व्हिडिओ कॉल केला. काकांनी आतपर्यंत जाऊन फोन धरला. तोंड बांधून, पण आत गेले. तिला सांगितलं मला काय झालंय. तिने तोंड फोनजवळ आणलं. मग बोलली, "मना ठाव होता. तुजा खोकला ऐकून ठाव होता. मी बोलली नाय. बोलली असती तर तू आली नसतीस."

मला राग आला पाहिजे होता. आला नाही. एवढी ताकदच नाही.

"गोळ्या घ्या आजी. थोड्याच राहिल्यात."

"घेते. तू पन आन तुज्या. एकदम घेव. तू माजी जीभ बग, मी तुजी बगते."

तिने गिळल्या. जीभ वर केली. माझ्याकडे अजून गोळ्या नाहीत, तर मीपण नुसतीच जीभ वर करून दाखवली. काकांचा हात हलत होता, चित्र नीट दिसत नव्हतं.

शनिवार, ४ एप्रिल

सकाळी खोकल्याबरोबर रक्त आलं. थोडं नाही. बेसिन लाल झालं. डॉक्टर फोनवर बोलला, बिलकूल बोलायचं नाही, बोललं की खोकला येतो आणि परत रक्त येतं, बसून राहा. सिस्टर बेडची सोय करून गाडी घेऊन येते. म्हणून लिहिते. लिहिल्याने खोकला येत नाही.

मी खिडकीजवळ बसलीये. दाराची कडी काढून ठेवलीये. नेरू आतल्या खोलीत, मध्ये पाट आडवा लावलाय. ती वाटी आपटते आणि मम्मा मम्मा करते. मी जात नाही. ती पाटावरून हात बाहेर काढते. मी जात नाही. देवा, हेपण तूच सांगितलंस का? मला ऐकू आलं नाही. मी आपणहून करते.

लॅन्सीचा फोन लागत नाही. भावनाताई सकाळीच पोराला घेऊन कल्याणला माहेरी गेली.

जो कोणी आधी आत येईल, सिस्टर, गाडीवाला, बिल्डिंगमधलं कोणीपण, मला बोलायला लावू नका. हे वाचा. माझ्या भावाला फोन करा, युजीन, वर्तकनगर. नंबर या वहीच्या कव्हरवर आतून लिहिलाय. माझ्या फोनवरून लावू नका, लागणार नाही. तुमच्या फोनवरून लावा. त्याला सांगा नेरूला घेऊन जा. सांगा तिचा फोटो साफ आहे, तरी तिला औषध चालू करायला लागेल, आणि घरातल्या खिडक्या उघड्या ठेव. ती झोपताना कान धरून झोपते, दुसऱ्याचा कान, ते वहिनीला सांगा. तो विचारेल तिने ते काम सोडलं का. तर सांगा तुम्हाला माहीत नाही.

तो आधी ओरडेल. आईचं काढेल, शिव्यापण देईल. फोन ठेवू नका. त्याचं ओरडून झालं की तो येतो. प्लीज त्याला फोन करा.